कुसाफुगू आणि उसने विष

जपानच्या किनाऱ्यालगत, होक्काइदोच्या दक्षिण टोकापासून थेट ओकिनावापर्यंत, तसेच कोरिया आणि चीनच्या किनाऱ्यांवर उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी आणि बंदरांच्या धक्क्यांखाली जो विषारी मासा सर्रास आढळतो, त्याला जपानी लोक कुसाफुगू म्हणतात. फुगू हे अंग फुगवणाऱ्या माशांचे सर्वसाधारण नाव असून कुसा म्हणजे गवत. या माशाची पाठ गवतासारखी हिरवट-करडी असते, तिच्यावर पांढरे बारीक ठिपके विखुरलेले असतात, पोट पांढरेशुभ्र असते आणि छातीच्या परामागे एक ठळक काळा डाग असतो. लांबी साधारण वीतभर. जॉर्डन आणि स्नायडर या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञांनी 1901 मध्ये त्याला ताकिफुगू निफोब्लेस या नावाने पुढे ओळखली गेलेली जाती म्हणून वर्णिले. पुढे रिचर्डसनने 1845 मध्येच वर्णिलेली अल्बोप्लुम्बेउस ही जाती आणि ही एकच असल्याचे मत मान्य होत गेले, आणि आधीचे नाव टिकते या नामकरणाच्या नियमानुसार अलीकडच्या लेखनात ताकिफुगू अल्बोप्लुम्बेउस हे नाव वापरले जाते. कोकणच्या किनाऱ्यावर जाळी कुरतडून मच्छीमारांना हैराण करणारा केंड याच कुळातला असला तरी त्याची प्रजाती वेगळी आहे, त्यामुळे प्रस्तुत व्याख्यानात कुसाफुगूविषयी जे सांगितले जाईल, ते केंडाला जसेच्या तसे लावता येणार नाही.

या कुळाला टेट्राओडोंटिडी, म्हणजे चार दातांचे कुळ, असे नाव आहे. वरच्या आणि खालच्या जबड्यांतील दात एकमेकांशी जुळून त्यांची चार पाती झालेली असतात आणि त्यांच्या चोचीने हे मासे खेकड्यांची व शिंपल्यांची कवचे सहज फोडतात. त्यांना बरगड्या नसतात, त्यामुळे धोका जाणवला की भराभर पाणी गिळून पोटाचा चेंडू करता येतो. कुसाफुगूच्या अंगी आणखी दोन सवयी आहेत. तो डोळे मिटू शकतो, जे माशांत विरळाच दिसते, आणि उथळ वाळूत अंग थरथरवत स्वतःला गाडून घेतो, तेव्हा पाठीची कड आणि डोळे एवढेच वर राहतात. धक्क्यावर बसून गळ टाकणारे हौशी जपानी लोक त्याच्यावर चिडून असतात, कारण दुसऱ्या माशासाठी लावलेले आमिष तो आधी खाऊन टाकतो आणि त्याच चोचीने दोरही तोडून नेतो. गळाला लागलेला कुसाफुगू धक्क्यावर तसाच फेकून दिलेला दिसणे ही तिथे नित्याची गोष्ट आहे. अशा क्षुद्र आणि उपद्रवी मानल्या गेलेल्या माशावर एक संपूर्ण व्याख्यान खर्ची घालण्याचे कारण असे, की ज्या विषामुळे तो ओळखला जातो ते विष त्याचे स्वतःचे नसून उसने घेतलेले असते, आणि हे उसनवारीचे व्यवहार पाहू गेल्यास विषारी प्राणी या शब्दाचा रूढ अर्थ पुरेसा ठरत नाही.

आधी त्याच्या प्रजननाकडे पाहणे सोयीचे आहे, कारण विषाचा सर्वांत नाजूक व्यवहार तिथेच घडतो. मे ते जुलै या काळात, अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाच्या दिवसांत, कुसाफुगूंचे थवे ठरावीक किनाऱ्यांवर येतात. कोकणातील मच्छीमारांना उधाण आणि भांग यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. चंद्र आणि सूर्य एका रेषेत असताना भरती सर्वांत मोठी असते आणि अष्टमीच्या सुमारास ती सर्वांत लहान, हे गणित तिथीवरून मांडणारी माणसे आजही किनाऱ्यावर आहेत, आणि कुसाफुगू तेच गणित दिनदर्शिकेशिवाय मांडतो. पाणी चढू लागले की, पूर्ण भरतीच्या काही तास आधी, शेकडो मासे गोट्यागोट्यांच्या किनाऱ्याशी अगदी पाण्याच्या कडेला जमतात. एक मादी आणि तिच्याभोवती अनेक नर असा एकेक घोळका लाटेबरोबर किनाऱ्यावर येतो. नर मादीच्या अंगाला चावे घेतात, मादी अंडी सोडते, नर वीर्य सोडतात आणि ताकासारख्या पांढऱ्या झालेल्या त्या पाण्यात मासे तडफडत राहतात. काही मासे लाट ओसरल्यावर गोट्यांवर उघडे पडतात आणि पुढच्या लाटेची वाट पाहतात. साधारण एक मिलिमीटरची अंडी गोट्यांच्या फटींत शिरतात, ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर राहतात, आणि पिल्ले बाहेर पडली की चढते पाणी त्यांना समुद्रात घेऊन जाते.

यामागुची प्रांतातील हिकारी शहराच्या मुरोझुमी किनाऱ्यावरचे असे ठिकाण प्रांताने नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित केले आहे. तोक्योच्या दक्षिणेस मिउरा द्वीपकल्पावरील अराई पुळण आणि क्युशूतील आमाकुसाची तोमिओका खाडी ही संशोधकांनी वर्षानुवर्षे पाहिलेली आणखी दोन स्थळे. तोमिओका येथे यामाहिरा यांनी केलेल्या निरीक्षणांतून असे दिसले की भरतीच्या वेळेबरोबरच दिवसाच्या प्रहराचाही या हिशेबात वाटा असतो, आणि अंडी किती उंचीवर पडतात, उन्हात किती तापतात, यावर किती पिल्ले जगतील हे ठरते. अर्थात जागा फार खाली असेल तर अंडी भक्षकांच्या तोंडी, फार वर असेल तर उन्हाच्या. म्हणून किनारा गोट्यांचा असणे, त्याचा उतार ठरावीक असणे आणि वरच्या बाजूने झिरपणारे पाणी असणे या गोष्टींना महत्त्व येते. सिमेंटचा बंधारा घातला की असे ठिकाण एका वर्षात संपू शकते, आणि किनाऱ्यांवर बंधारे घालण्याचा उत्साह जपानमध्ये काही कमी नाही.

इतके मासे एकाच क्षणी अंडी कशी सोडतात, या प्रश्नाचे एक उत्तर 2022 मध्ये नागोया विद्यापीठातील योशिमुरा यांच्या गटाने दिले. उधाणाच्या दिवसांत माशांच्या मेंदूत कोणत्या जनुकांचे कार्य वाढते हे शोधताना त्यांना असे आढळले, की प्रोस्टाग्लँडिन ई2 हे द्रव्य अंडी घालणाऱ्या माशांकडून समुद्राच्या पाण्यात जाते आणि इतरांना त्याच कृतीस प्रवृत्त करते. अशा द्रव्यांना, म्हणजे एका प्राण्याने सोडून त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वर्तनावर परिणाम करणाऱ्या रसायनांना, फेरोमोन म्हणतात. चंद्रामुळे पाणी उंचावते, पाण्यामुळे मासे किनाऱ्याशी येतात, आणि शेवटचा इशारा मासे एकमेकांना रसायनांतून देतात.

याच ठिकाणी विषाचा पहिला अनपेक्षित उपयोग पुढे येतो. 1995 मध्ये मात्सुमुरा यांनी नेचर या नियतकालिकात असे दाखवले, की कुसाफुगूच्या अंड्यांतून पाण्यात झिरपणारे विष अत्यंत सौम्य प्रमाणात वीर्यधारी नरांना आकर्षित करते. माणसाला मारणारा पदार्थ माशाला वासासारखा जाणवतो आणि त्या वासाचा अर्थ अंडी तयार आहेत असा होतो. 2022 च्या शोधाने या निरीक्षणाचे महत्त्व कमी होत नाही; एकाच कामासाठी दोन संकेत असणे सजीवांत नवलाचे नाही.

आता विषाकडे. त्याचे नाव टेट्रोडोटॉक्सिन. जपानी रसायनशास्त्रज्ञ ताहारा योशिझुमी यांनी फुगूच्या गाभोळीपासून त्याचा अर्क काढला आणि 1909 मध्ये त्याला हे नाव दिले. तो अर्क फारसा शुद्ध नव्हता, तरी वेदनाशामक म्हणून काही काळ विकला गेला. शुद्ध स्फटिक मिळण्यासाठी 1950 पर्यंत, योकोओ यांच्या कामापर्यंत, थांबावे लागले. त्याची रेणूरचना सोडवणे हे त्या काळातील मोठे कोडे होते आणि 1964 मध्ये क्योतो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जपानमधील त्सुदा यांच्या आणि हिराता-गोतो यांच्या गटांनी व अमेरिकेतील वुडवर्ड यांनी स्वतंत्रपणे मिळवलेली उत्तरे एकमेकांशी जुळली. त्याच सुमारास स्टॅनफर्डच्या मोशर यांच्या गटाने कॅलिफोर्नियातील एका न्यूटच्या, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या शेपटीधारी उभयचर प्राण्याच्या, अंड्यांतील विषही हेच असल्याचे जाहीर केले. समुद्रातला मासा आणि डबक्यातला उभयचर यांच्यात इतका गुंतागुंतीचा रेणू एकसारखा कसा, हा प्रश्न त्या वर्षीच उभा राहिला आणि त्याचे उत्तर मिळायला पुढची दोन दशके गेली.

हे विष काय करते तेही 1964 मध्येच स्पष्ट झाले. मज्जातंतूतून संदेश पुढे सरकतो तो तंतूच्या पटलातील सूक्ष्म मार्गिकांतून सोडियमचे विद्युत्भारित कण आत शिरल्यामुळे, आणि नाराहाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवंडाच्या जातीतील एका प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून दाखवले की टेट्रोडोटॉक्सिन फक्त या सोडियम मार्गिका बंद करते आणि पोटॅशियमच्या मार्गिकांना हात लावत नाही. रेणूचे एक टोक मार्गिकेच्या तोंडात अडकते आणि बाटलीला बूच बसावे तशी ती बंद होते. माणसात प्रथम ओठ आणि जीभ बधिर होतात, मग बोटे, मग हातपाय लुळे पडतात आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. रक्तातून विष मेंदूत फारसे पोहोचत नसल्यामुळे रोग्याची शुद्ध बराच काळ टिकते, ही यातली सर्वांत भीषण बाब. यावर उतारा नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवला तर शरीर विष बाहेर टाकते आणि रोगी वाचतो, म्हणून यंत्राची सोय वेळेत मिळणे हाच उपचार. उकळल्याने किंवा तळल्याने हे विष नष्ट होत नाही. विषाची मोजणी उंदराच्या एककात करतात: वीस ग्रॅम वजनाचा उंदीर अर्ध्या तासात मारणारी मात्रा म्हणजे एक एकक. माणसासाठी किमान घातक मात्रा सुमारे 10,000 एकके, वजनात साधारण दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांइतकी मानली जाते.

विष माशाच्या सगळ्या अंगात सारखे पसरलेले नसते, आणि नेमकी हीच गोष्ट माणसाला शतकानुशतके कळत नव्हती. तानी इवाओ यांनी 1945 मध्ये जपानच्या फुगूंच्या जातींचे अवयववार मोजमाप प्रसिद्ध केले, ज्याचा आधार आजही घेतला जातो. त्यानुसार कुसाफुगूचे अंडाशय, यकृत आणि आतडी अतितीव्र विषारी, म्हणजे ग्रॅममागे हजाराहून जास्त एकके असू शकणारी, त्वचा तीव्र विषारी, मांस सौम्य. हे आकडे कमाल पातळीचे आहेत. प्रत्यक्षात विष ऋतूनुसार, लिंगानुसार, प्रदेशानुसार आणि एकेका माशानुसारही बदलते. कामाइशी आणि ओकात्सु या ईशान्य जपानमधील खाड्यांतील कोमोनफुगू व हिगानफुगू या जाती इतरत्र खाण्यास परवानगी असूनही तिथून पकडलेल्या असतील तर खाण्यास मनाई आहे. जातीचे नाव माहीत असूनही गावाचे नाव विचारावे लागते, हे विष माशाच्या रक्तात जन्मजात असते तर घडले नसते.

मग विष येते कुठून? न्यूटनंतर यादी वाढतच गेली: अमेरिकेतील काही बेडूक, गोबी कुळातील मासा, ऑस्ट्रेलियातील निळ्या कड्यांचा ऑक्टोपस, तारामासे, चपटकृमी. 1979 मध्ये जपानच्या शिमिझु येथे एक मोठा समुद्री शंख खाऊन विषबाधा झाली आणि तपासात तेच टेट्रोडोटॉक्सिन निघाले. तो शंख तारामासे खाऊन विषारी झाला होता. इतक्या दूरच्या नात्यांच्या प्राण्यांनी एवढा अवघड रेणू स्वतंत्रपणे घडवला असेल हे मानणे कठीण होते. 1986 च्या सुमारास यासुमोतो आणि नोगुची यांच्या गटांनी समुद्री जीवाणूंत, विशेषतः व्हिब्रियो आणि त्याच्या जवळच्या गटांत, हे विष सापडल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून जीवाणू, त्यांना खाणारे सूक्ष्मजीव व कृमी, मग तारामासे, शंख आणि शेवटी मासे अशी अन्नसाखळी सामान्यतः मान्य झाली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जीवाणूंकडून मिळणारे विष फारच थोडे असते, त्यामुळे मूळ कारखाना हाच का, यावर मतभेद आहेत. पण मासा स्वतः विष बनवत नाही, या बाजूचा पुरावा भक्कम आहे. समुद्रापासून तोडून बिनविषारी खाद्यावर वाढवलेले फुगू बिनविषारी होतात, आणि त्यांना विषयुक्त खाद्य दिले की ते विष त्यांच्या यकृतात व त्वचेत साठू लागते.

स्वतःच्या विषाने मासा मरत कसा नाही याचे उत्तर त्याच्या सोडियम मार्गिकांत आहे. स्नायूंतील मार्गिकेच्या तोंडाशी, जिथे विषाचा रेणू अडकतो, तिथे इतर प्राण्यांत असलेले एक विशिष्ट अमिनो आम्ल फुगूंत बदललेले आढळते. प्रथिनाच्या साखळीतील एका दुव्याच्या या बदलाने विषाची पकड सैल होते. शिवाय फुगूंच्या रक्तात विषाला बांधून वाहून नेणारे एक प्रथिन असते, जे योत्सु-यामाशिता आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये वेगळे काढले. विष सहन करणे, वाहून नेणे, ठरावीक अवयवात ठेवणे ही सगळी तयारी माशाची आहे. फक्त माल बाहेरचा.

या मालाचा सर्वांत मोठा हिस्सा आई अंड्यांत भरते. नुकतेच बाहेर पडलेले कुसाफुगूचे पिल्लू काही मिलिमीटरचे असते, त्याला फुगता येत नाही, पळता येत नाही, आणि तरीही भक्षक मासे ते तोंडात घेऊन लगेच थुंकून टाकतात. निहोन विद्यापीठातील इतोई यांच्या गटाने 2014 मध्ये याचे कारण दाखवले: आईकडून आलेले विष पिल्लाच्या अंगाच्या पृष्ठभागावर असते, आणि ते इतके थोडे असते की भक्षक मरत नाही, त्याला फक्त तो घास नकोसा होतो. माणसाच्या दृष्टीने विषाचे काम मारणे, पण इथे मारणे उपयोगाचेच नाही, कारण मेलेला भक्षक धडा शिकत नाही आणि चावलेले पिल्लू वाचत नाही. मोठ्या माशाचे विषही याच नजरेने पाहायला हवे. जपानी विषविज्ञानाने एक शतक माणसाच्या घातक मात्रेभोवती फेऱ्या घातल्या, हे आकलनीय आहे. परंतु त्या आकड्याने माशाच्या आयुष्यातील विषाचे स्थान कळत नाही.

त्या घातक मात्रेचा इतिहास मात्र वगळता येत नाही. कोरियावर स्वारीसाठी 1592 मध्ये क्युशूत सैन्य जमवताना अनेक सैनिक फुगू खाऊन मेले आणि जपानचे तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी त्यावर बंदी घातली, असे सांगितले जाते. पुढे एदो काळात काही सरदारांनी आपापल्या मुलखात ती कडकपणे राबवली. 1887 मध्ये पंतप्रधान इतो हिरोबुमी यांनी शिमोनोसेकीच्या शुनपानरो या खानावळीत फुगू खाल्ला आणि पुढच्या वर्षी यामागुची प्रांतातील बंदी उठली. याच शुनपानरोत 1895 मध्ये चीन-जपान युद्ध संपवणारा तह झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाका आणि तोक्यो येथे फुगू हाताळण्याचे परवाने सुरू झाले. तरीही 1975 मध्ये काबुकीचे थोर नट आठवे बांदो मित्सुगोरो क्योतो येथे फुगूच्या यकृताच्या चार वाढण्या खाऊन दगावले, आणि 1983 मध्ये आरोग्य मंत्रालयाने कोणत्या जातीचा कोणता अवयव खाद्य आहे याची देशभराची यादी काढली. तिच्यात कुसाफुगूचे फक्त मांस आहे. इशिकावा प्रांतात मात्र फुगूची गाभोळी आधी मिठात आणि मग भाताच्या कोंड्यात मिळून दोन-तीन वर्षे मुरवून खातात. विष कमी होते हे मोजून दिसते, ते नेमके कसे याचा पूर्ण उलगडा झालेला नाही, आणि ही पाककृती परवानगीने चालू आहे. एकूणच आजच्या विषबाधा उपाहारगृहांत फारशा होत नाहीत; वर्षाला होणाऱ्या घटनांतील बहुतेक स्वतः गळाने पकडून घरी कापणाऱ्या हौशी लोकांच्या असतात, आणि धक्क्यावर सहज गळाला लागणारा फुगू म्हणजे बहुधा कुसाफुगूच.

विष उसने आहे हे कळल्यावर ते मुळात घेऊच न देण्याची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. बिनविषारी खाद्यावर जमिनीवरच्या टाक्यांत वाढवलेल्या तोराफुगूचे, म्हणजे सर्वांत महाग जातीचे, यकृत खाण्यास परवानगी मिळावी असा अर्ज सागा प्रांताने 2016 मध्ये केला. अन्नसुरक्षा आयोगाने 2017 मध्ये सुरक्षिततेची खात्री देता येत नाही असा निर्णय दिला. दरम्यान या बिनविषारी माशांबद्दल वेगळीच माहिती पुढे आली. टाक्यांतील तोराफुगूची पिल्ले एकमेकांच्या शेपट्या इतक्या कुरतडतात की मत्स्यपालकांना त्यांचे दात कापावे लागतात, आणि 2019 मध्ये आमानो व सहकाऱ्यांनी दाखवले की पिल्लांना टेट्रोडोटॉक्सिन दिल्यास त्यांच्या शरीरातील ताणाचे संप्रेरक कमी होते व शेपट्यांचे नुकसानही घटते. शिवाय समुद्र तापू लागल्यामुळे जपान समुद्रातील गोमाफुगू प्रशांत महासागराच्या बाजूला सरकले असून तिथल्या शोसाइफुगूंशी त्यांचा मोठ्या प्रमाणावर संकर होत आहे, हे ताकाहाशी यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. अशा संकरित माशात कोणत्या अवयवात किती विष असेल हे जातींच्या यादीवरून सांगता येत नाही, आणि जात निश्चित न करता आलेला फुगू टाकून द्यावा असा नियम असल्यामुळे तो बाजारात निवडताना बाजूला काढावा लागतो. निवडणाऱ्याला त्यासाठी माशाच्या अंगावरच्या ठिपक्यांचा आकार आणि परांचा रंग एवढाच आधार असतो.